आजच्या मापाचे कपडे

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर आणि पुढे थायरॉईडचे औषध सुरू झाल्यानंतर माझे वजन हळूहळू वाढत ७९ किलोंवर आले. येत्या मार्गशीर्षात धाकट्या नणंदेच्या मुलीचे लग्न आहे. सुपारी फोडायला सगळे जमले असताना नात्यातल्या एका बाईंनी सर्वांसमोर म्हटले, "हिला कुठलीही साडी नेसवा, दिसायचं तेच दिसणार." माझ्या मोठ्या जाऊबाई सडपातळ आहेत आणि त्या साधी सुती साडी नेसून आल्या तरी लोक वळून पाहतात. त्या दिवसापासून मी फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. कपाटात चांगल्या साड्या आहेत, पण ब्लाऊज शिवलेले नाहीत, कारण वजन उतरले की शिवू असे ठरवले होते आणि त्याला आता चार वर्षे झाली. परवा माझी १३ वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहून विचारत होती, "आई, मी पण जाड होणार का?" डौलदार दिसणे हे फक्त बारीक बायकांच्याच नशिबी असते का? तसे नसेल, तर नेमके कशामुळे एखादी बाई तशी दिसते?

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते मी तुमची समजूत घालण्यासाठी देत नाही. अनेक वर्षे शिवणवर्ग चालवताना आणि बायकांच्या ब्लाऊजची मापे घेताना सर्व बांध्यांच्या बायका मी फार जवळून पाहिल्या आहेत, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की जिचा स्वतःच्या अंगावरच्या कपड्याशी झगडा चाललेला नसतो, ती बाई डौलदार दिसते. मग ती पन्नास किलोंची असो किंवा नव्वद किलोंची. जी बाई सतत पदर ओढते, खांद्यावरून घसरणारा ब्लाऊज सावरते, पोटावर पर्स धरते आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसते, ती सडपातळ असली तरी पाहणाऱ्याच्या नजरेत तिचे अवघडलेपणच भरते. तुमच्या जाऊबाईंकडे पुढच्या वेळी नीट पाहा. त्यांचा ब्लाऊज त्यांच्या आजच्या अंगाला बेतलेला असेल, आणि साडी नेसून झाल्यावर त्या तिच्याकडे पुन्हा पाहतही नसतील. त्यांच्यातली ही गोष्ट तुम्हाला उचलता येईल. त्यांचा बांधा उचलता येणार नाही आणि तशी गरजही नाही.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला त्या नातेवाईक बाईंचे वाटले नाही. कपाटात साड्या आहेत आणि ब्लाऊज शिवलेले नाहीत, हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. गेली चार वर्षे तुम्ही जे ब्लाऊज घालत आहात, ते एकतर जुने, बाजूंनी उसवून सैल केलेले असणार, किंवा ऐन वेळी विकत आणलेले, ताणले जाणाऱ्या कापडाचे तयार ब्लाऊज असणार. बहुतेक घरांत हेच घडते. शिंप्याकडे जाताना बाई 'मापाचा ब्लाऊज' म्हणून पिशवीतून जुना ब्लाऊज काढून देते आणि सांगते की याच्यापेक्षा दोन बोटे सैल करा. शिंपी सांगितल्याप्रमाणे करतो, आणि ती सगळी चूक नव्या कापडात जशीच्या तशी उतरते.

असे का होते ते समजून घेणे उपयोगाचे आहे. अंग भरले म्हणजे ते सगळीकडे सारखे भरत नाही. छातीचा घेर वाढतो, दंड भरतात, पाठ रुंद होते, वयानुसार छातीचा उंचवटा थोडा खाली येतो, पण खांद्याचे हाड जिथे असते तिथेच राहते. जुना ब्लाऊज बाजूच्या शिलाईत उसवला की घेर तेवढा वाढतो, मात्र मुंढा, म्हणजे बाही जोडली जाते तो काखेचा गोल, तितकाच तोकडा राहतो आणि टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुण्याही, जुन्याच जागी राहतात. त्यामुळे काखेकडून छातीकडे तिरक्या सुरकुत्या पडतात, हुकपट्टी ताणली जाऊन दोन हुकांच्या मध्ये फट दिसते, आणि हात जरा वर केला की ब्लाऊज कमरेवरून वर सरकतो. याच्या उलट, नवा ब्लाऊज सरसकट सैल बेतला तर खांद्याची शिलाई दंडावर उतरते, गळा पसरतो आणि एक बाजू सारखी घसरत राहते. आरशात हे दिसले की बाईला वाटते, माझे अंगच वाईट आहे. मापाच्या वेळी माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या कितीतरी बायकांनी टेप अंगाला लागण्याआधीच माझी क्षमा मागितलेली आहे, आणि प्रत्येक वेळी मला तितकेच वाईट वाटलेले आहे. दोष अंगाचा नसतो, कापड चुकीच्या ठिकाणी कापले गेलेले असते.

म्हणून शिंप्याकडे जुना ब्लाऊज अजिबात नेऊ नका आणि अंगावर मापे घ्यायला सांगा. ज्या आतल्या कपड्यांवर तो ब्लाऊज घालणार आहात, तेच घालून जा, कारण त्यावर छातीची उंची आणि घेर दोन्ही अवलंबून असतात. ब्रेसियरचा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तिचा घेर सैल आहे आणि खांद्यावर वळ उठत असतील तर सगळा भार खांद्यांवर येतो आहे, असे समजावे. आधी ती बदलून घ्यावी आणि मगच ब्लाऊजची मापे द्यावीत. शिंप्याने छाती, छातीखालचा घेर, खांदा, मुंढा, दंडघेर आणि खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंतची लांबी एवढी मापे तरी घेतली पाहिजेत. हे शेवटचे माप घाईत गाळले जाते, आणि भरलेल्या अंगाच्या बाईसाठी नेमके तेच सर्वांत जास्त मोलाचे असते. साध्या टक्सच्या ब्लाऊजपेक्षा कटोरीचा किंवा प्रिन्सेस कटचा ब्लाऊज तुम्हाला अधिक चांगला बसेल, कारण त्यात छातीचा गोलवा कापडाच्या जोडातूनच घडवता येतो. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. बाही दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी संपवू नये, कारण काठाची आडवी रेघ तिथेच उठून दिसते. ती कोपराशी किंवा कोपराच्या किंचित वर संपवावी, आणि बाहीत दोन बोटे सहज जातील एवढी सैल ठेवावी. मागचा गळा खोल हवा असेल तर जरूर ठेवा, फक्त तो खोल आणि रुंद असा दोन्ही नको, नाहीतर खांदे उतरतील. आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईत दीड-दीड इंच कापड दाबून ठेवायला सांगा, म्हणजे पुढे वजन कमी झाले किंवा वाढले तरी ब्लाऊज वाया जाणार नाही. वजन उतरल्यावर शिवण्याचा विचार काटकसरीचा वाटतो खरा, पण त्यापायी चार वर्षांचे सगळे सणवार तुम्ही न बसणाऱ्या कपड्यांत काढले आहेत.

ट्रायलच्या वेळी आरशासमोर ताठ उभे राहून पाहणे पुरेसे नसते, कारण लग्नात बाई तशी उभी राहत नाही. मंगलाष्टके चालू असताना अक्षता टाकण्यासाठी हात वर जातो, ओटी भरताना कमरेत वाकावे लागते, पंगतीत वाढताना हात पुढे न्यावा लागतो, कोणाचे तरी तान्हे बाळ कडेवर घ्यावे लागते. म्हणून शिंप्याच्या दुकानातच उजवा हात डोक्याच्या वर न्या, दोन्ही हात पुढे करून वाका, स्टुलावर बसून उठा. हात खाली आल्यावर ब्लाऊज आपोआप जागेवर आला पाहिजे. तो बोटांनी ओढून खाली घ्यावा लागला, तर तो तिथेच परत द्या आणि मुंढा दुरुस्त करून घ्या. चांगला शिंपी याचा राग मानत नाही. ही परीक्षा जो ब्लाऊज उत्तीर्ण होतो, तो कार्यालयात पाच तास अंगावर असताना एकदाही आठवत नाही.

साडीखालच्या परकराचाही थोडा विचार करा. फार घेराचा, जाड कापडाचा परकर कमरेभोवती गोळा होतो. सहा कळ्यांचा, साडीच्या रंगाचा आणि तळव्यापासून दोन-तीन बोटे वर राहणारा सुती परकर उत्तम. नाडी इतकी आवळू नये की तिच्या वर-खाली अंग फुगेल. कमरेला रुंद पट्टी लावून घेतली तर ओढ विभागली जाते आणि दिवसभर नाडी रुतत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. साडी साधारण साडेपाच मीटर असते आणि तिलाच जोडून सुमारे ८० सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस येतो. अंगाचा घेर जास्त असला की पहिल्याच वेढ्यात जास्त साडी खर्च होते, निऱ्या चार-पाचच येतात आणि पदर आखूड पडतो. मग चालताना साडी पायात ओढली जाते आणि पावले चोरटी पडू लागतात. अशा वेळी तो ब्लाऊजपीस कापूच नका. तो आतल्या बाजूला तसाच राहू द्या आणि ब्लाऊज खणाचा किंवा वेगळ्या कापडाचा शिवा, म्हणजे निऱ्या पुरेशा येतील आणि पाऊल मोकळे पडेल. साडी नेसताना त्या दिवशीची चप्पल आधी पायात घाला. लग्नात येवल्याची पैठणी नेसणार असाल, तर तिच्या पदराला जरीचे वजन असते. पिन नुसत्या कापडात न लावता ब्लाऊजच्या खांद्याच्या शिलाईत लावा आणि पिनेच्या आत एक मणी ओवून घ्या, म्हणजे रेशीम फाटत नाही. पिना मात्र कमीच लावा. जागोजागी टाचलेली साडी अंगाबरोबर हलत नाही आणि प्रत्येक पिनेपाशी एक ओढ दिसते.

कापड आणि रंग यांबद्दल तुम्हाला आजवर पुष्कळ सल्ले मिळालेले असतील. गडद रंग वापरा, उभ्या रेषा वापरा, मोठी बुट्टी टाळा, काठ बारीक घ्या. हे सगळे सल्ले एका गोष्टीला आधीच मान्यता देऊन सुरू होतात, ती म्हणजे तुमचे अंग लपवण्याजोगे आहे. मला हे मुळातच मान्य नाही. साडीचा रंग तुमच्या वर्णाला, प्रसंगाला आणि तुमच्या आवडीला साजेसा असावा, एवढे पुरे. गडद मोरपंखी आवडत असेल तर तो घ्या, पिवळाधमक आवडत असेल तर तो घ्या. कापडाच्या बाबतीत मात्र ते अंगावर कसे पडते हे जरूर पाहा. ऑर्गंझा आणि टिश्यू अंगापासून फुगून उभे राहतात, स्वस्त सिंथेटिक जॉर्जेट घामाने चिकटते आणि मग बाई दिवसभर ते सोडवत राहते. महेश्वरी साडीत बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, त्यामुळे ती हलकी असूनही सुंदर पडते. चार-सहा वेळा धुतलेली सुती साडीही अंगाशी छान जमवून घेते. कॉलेजात रोज वर्गात उभे राहून शिकवायचे असते, तेव्हा तुमच्यासारख्या बाईने अशा दोन-तीन साड्या आणि त्यांच्यावरचे बसणारे ब्लाऊज आधी तयार करावेत. लग्नाची साडी एका दिवसाची असते आणि या साड्या वर्षभर तुमच्या अंगावर असतात.

कपड्याच्या आकड्याची लाज वाटणे ही आपल्याकडची जुनी गोष्ट नाही, हेही तुम्हाला सांगावेसे वाटते. आपल्या आज्या-पणज्या जे नऊवारी लुगडे नेसत, त्याला माप नव्हते. तेच लुगडे लग्नाआधी, बाळंतपणानंतर आणि म्हातारपणी त्या त्या अंगाला बसत असे. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची असल्यामुळे अंग थोडे वाढले-घटले तरी गाठ सैल किंवा घट्ट होई, आणि त्या बाईला कोणी आकडा चिकटवत नसे. तयार कपड्यांची दुकाने आल्यावर मात्र आपण कापडाऐवजी स्वतःलाच एस, एम, एक्सएल म्हणू लागलो. शिवाय हे आकडे स्थिर नाहीत. एका कंपनीचा एक्सएल दुसरीच्या एलएवढा निघतो, आणि कितीतरी तक्ते परदेशी बांध्यांवरून घेतलेले असतात. भारतीय अंगांचा स्वतःचा प्रमाणित तक्ताच नसल्यामुळे निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत २५,००० जणांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. तेव्हा तयार कुर्ता काखेत रुतला, तर तो तुमच्यासारख्या अंगासाठी बेतलाच गेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ घ्या. खांद्याला बसेल असा कुर्ता घ्या आणि बाकीचा फेरफार शिंप्याकडून करून घ्या.

आता कपड्यांच्या पलीकडचे. डौलाचे उदाहरण म्हणून मला उषा उथुप यांचे नाव घ्यावेसे वाटते. १९६९ साली त्या वेळच्या मद्रासमधील एका नाइटक्लबमध्ये त्यांनी गायला सुरुवात केली, तेव्हा तशा ठिकाणी गायिकेने साडी नेसून गावे ही अपेक्षा कोणाची नव्हती. त्या मात्र कांजीवरम नेसून, केसांत फुले माळून, कपाळावर मोठी टिकली लावून उभ्या राहिल्या आणि आजही तशाच उभ्या राहतात, हल्ली तर साडीच्या कापडाने सजवलेले कॅनव्हासचे बूट घालून. त्यांचा आवाज बायकी समजल्या जाणाऱ्या आवाजासारखा नाजूक नाही, बांधा सडपातळ नाही, आणि तरीही त्या रंगमंचावर आल्या की नजर दुसरीकडे जात नाही, कारण आपण कशा आहोत याबद्दल त्यांच्या मनात काही शंका उरलेली दिसत नाही. आपल्याकडचेच नाव घ्यायचे तर शास्त्रीय गायिका हिराबाई बडोदेकरांचे घेता येईल. स्त्रीने जाहीर मैफल करणे जेव्हा प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते, त्या काळात त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या, त्याही अत्यंत शांत, सोज्वळ बैठकीने. त्यांच्याविषयी बोलताना जुने रसिक गाण्याबरोबर त्यांच्या त्या बसण्याचीही आठवण काढत. या दोघींचे स्वभाव आणि वेश एकमेकींपासून किती दूर आहेत पाहा. डौलाचा एकच साचा नसतो आणि तुम्हाला कोणाची नक्कल करायची नाही.

बसणे-उठणे मात्र शिकता येते. खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसा, कारण कडेवर बसले की पाठ आपोआप वाकते आणि पोटावर घड्या पडतात. उठताना एक पाऊल किंचित मागे घेऊन त्यावर भार द्या, म्हणजे हातांनी खुर्चीला रेटा द्यावा लागत नाही. जिना चढताना निऱ्या गुडघ्यापाशी डाव्या हाताने हलकेच उचला. चालताना मान वर आणि नजर समोर असू द्या. मोबाइलमध्ये पाहत चालणारी कोणतीही बाई चांगली दिसत नाही. साडी नेसून घरातच अर्धा तास वावरा, चहा करा, फोनवर बोला, आणि त्या वेळात हात कितीदा पदराकडे जातो ते पाहा. जिथे हात पुन्हा पुन्हा जातो, तिथे काहीतरी टाचायचे किंवा सैल करायचे राहिले आहे. ते दुरुस्त केल्यावर हाताची सवय मोडायला आठ-पंधरा दिवस लागतील, तेवढा वेळ तिला द्या. टाचांच्या भेगा, नखे, इस्त्री, फॉलचा सुटलेला टाका या गोष्टी तुम्हाला मी वेगळ्या सांगायला नकोत.

फोटोत मागच्या रांगेत उभे राहणे आजपासून बंद करा. मागे उभे राहून आपण लपतो असे वाटते, पण प्रत्यक्षात दोन खांद्यांच्या मधून डोकावणारा, संकोचलेला चेहराच तेवढा दिसतो, आणि पुढे तो फोटो पाहून स्वतःबद्दलचे वाईट मत अधिकच पक्के होते. तुम्ही मामी आहात. भाचीच्या लग्नात मामीची जागा पुढे आहे आणि ती तुम्हाला वजनकाट्याने दिलेली नाही.

त्या नातेवाईक बाई लग्नातही येणारच, आणि त्यांच्यासारख्या आणखी चारजणीही येतील. "जाड झालीस गं" हे वाक्य आपल्याकडे विचारपूस म्हणूनही उच्चारले जाते आणि टोचण्यासाठीही. दोन्हींना उत्तर एकच ठेवा. "हो, वजन वाढलंय. तुमचं गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे?" असे शांत आवाजात विचारा आणि त्यांचे उत्तर मनापासून ऐका. समर्थन करू नका, थायरॉईडचा इतिहास सांगू नका, आणि मुख्य म्हणजे हसून स्वतःला आणखी एक टोमणा मारू नका. ही सवय अनेक बायकांना असते. कोणी साडीचे कौतुक केले की त्या लगेच म्हणतात, "अहो, आमच्या या अंगावर काय शोभणार!" दुसऱ्याने बोलण्याआधी आपणच बोलून टाकले की कमी दुखते, असा त्यामागचा हिशेब असतो. तो मला समजतो, पण त्याने कौतुक करणाऱ्या माणसाचाही हिरमोड होतो. "थँक्यू, मलाही ही फार आवडली" असे म्हणा. हे वाक्य पहिल्यांदा जड जाईल. घरच्या घरी ते मोठ्याने म्हणून पाहायला हरकत नाही.

तुमच्या औषधाबद्दल आणि वजनाबद्दल काय करायचे ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावे, आणि ते प्रकृतीसाठी ठरवावे. लग्नाच्या आधी दहा दिवस जेवण सोडण्यासारखा प्रकार कृपा करून करू नका. चेहरा उतरतो, चिडचिड होते आणि कार्याच्या दिवशी उभे राहायची ताकद उरत नाही. वजन कमी करण्याचा प्रयत्न तुम्हाला करायचा असेल तर तो जरूर करा, फक्त चांगले कपडे घालण्याचा दिवस त्या प्रयत्नाला बांधून ठेवू नका.

राहता राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न, आणि तो मला या पत्रातला सर्वांत नाजूक प्रश्न वाटतो. तेरा वर्षांच्या मुलीचे शरीर रोज बदलत असते आणि त्या बदलाकडे कसे पाहायचे हे ती उपदेशातून शिकत नाही. आई आरशासमोरून मान वळवून जाते का, जेवताना "मला नको, आधीच काय कमी आहे" असे म्हणते का, सहलीचे फोटो पुसून टाकते का, हे ती पाहत असते. तिने विचारलेल्या प्रश्नात माझ्या मते वजनाची भीती थोडी आहे आणि 'आई जितकी दुःखी दिसते तितकी मीही होणार का' ही भीती जास्त आहे. तिला "छे, तू नाही होणार जाड" असे आश्वासन देऊ नका, कारण त्यातून जाड होणे ही शिक्षा आहे हेच तिच्या मनात ठसते. तिला सांगा की प्रत्येक बाईचे अंग वयानुसार बदलते, तुझेही बदलेल, माझेही बदलले आहे, आणि बदललेल्या अंगालाही चांगले कपडे शिवता येतात. तिच्या मैत्रिणींच्या किंवा सिनेनट्यांच्या अंगावर घरात कोणीही शेरे मारू नयेत, हा नियम घरातल्या पुरुषांसकट सर्वांना लावा.

गणपती उठले की लगेच मापे द्यायला जा. दिवाळी जवळ आली की शिंपी माप घेतानाही घाईत असतात आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा दुरुस्तीला कोणालाच वेळ नसतो. आधी रोजच्या वापराचे दोन ब्लाऊज शिवून घ्या. ते आठवडाभर वर्गात घालून त्यातल्या खोडी शिंप्याला सांगा आणि मग पैठणीवरचा ब्लाऊज बेतायला द्या. जाताना मुलीला बरोबर न्या. शिंपी टेप लावून आकडे सांगू लागला की वही तिच्या हाती द्या, आणि छाती, दंड, मुंढा यांची मापे तुमच्या नेहमीच्या, वर्गात शिकवतानाच्या आवाजात तिला लिहून घ्यायला सांगा.